मानखुर्दचं सात किलो युरेनियम: अतिरेक्यांच्या हाती अणुबॉम्ब जाण्याची भीती किती खरी?

२०२१ चा मे महिना. कोविडची दुसरी लाट ऐन भरात होती आणि त्यातच मुंबईतून एक बातमी आली. महाराष्ट्राच्या दहशतवादविरोधी पथकानं, म्हणजे एटीएसनं, दोघांना अटक केली होती आणि त्यांच्याकडून ७ किलो १०० ग्रॅम युरेनियम हस्तगत केलं होतं. दोघांपैकी एक मानखुर्दचा भंगारवाला. भाभा अणुसंशोधन केंद्रानं नमुना तपासला आणि हे नैसर्गिक युरेनियम असल्याचा निर्वाळा दिला. किंमत २१ कोटी रुपये, असं सगळीकडे छापून आलं. महिनाभरात झारखंडातल्या बोकारोहून तशीच बातमी आली. तिथला माल मात्र तपासणीत युरेनियम निघालाच नाही.

हे केंद्र जिथं आहे ते ट्रॉम्बे मानखुर्दपासून हाकेच्या अंतरावर. त्यामुळे त्या दिवसांत अनेक घरांत एकच प्रश्न होता: अतिरेकी आता अणुबॉम्ब बनवणार की काय? अशी बातमी दर दोन-तीन वर्षांनी कुठून तरी येते, दोन दिवस सगळे हादरतात, मग विसरतात. मला यातलं हादरणंही पटत नाही आणि विसरणंही पटत नाही. धास्ती घ्यावी असं यात खरंच काहीतरी आहे, फक्त ते बातमीत दाखवतात तिथं नाही. ते कुठं आहे हे कळायला थोडं अणूचं गणित समजून घ्यावं लागेल. गणित चौथीच्या पातळीचंच आहे.

हजार दाण्यांतले सात

खाणीतून निघणारं युरेनियम दोन प्रकारच्या अणूंचं मिश्रण असतं. रासायनिकदृष्ट्या दोन्ही सारखेच, वजनात किंचित फरक. एक युरेनियम-२३८, दुसरं युरेनियम-२३५. स्फोट घडवू शकतं ते २३५. आणि ते असतं किती? हजार अणूंमध्ये जेमतेम सात.

तांदळाच्या हजार दाण्यांत सात दाणे वेगळे आहेत, असं समजा. रंग तोच, आकार तोच, फक्त वजनात शंभराला एक-सव्वा इतका फरक. ते सात निवडायचे. हे निवडण्याचं काम म्हणजे युरेनियमचं 'समृद्धीकरण'. त्यासाठी सेंट्रिफ्यूज नावाची यंत्रं लागतात. ताकातून लोणी काढायला घुसळतो, तसं ही यंत्रं युरेनियमचा वायू प्रचंड वेगानं फिरवतात आणि हलकं-जड वेगळं करतात. एका यंत्रातून गेल्यावर फरक अगदी थोडा पडतो, म्हणून हजारो यंत्रं ओळीनं जोडावी लागतात.

आता मुंबईत सापडलेल्या मालाचा हिशेब करू. ७ किलो १०० ग्रॅममध्ये कामाचं युरेनियम-२३५ किती? सुमारे ५० ग्रॅम. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था एका बॉम्बच्या दृष्टीनं लक्षणीय साठा म्हणून जो आकडा धरते, तो अतिसमृद्ध, म्हणजे २३५ चं प्रमाण खूप वाढवलेल्या, युरेनियममधल्या २५ किलो युरेनियम-२३५ चा आहे. मानखुर्दसारख्या मालातून तेवढं काढायचं तर, एकही कण वाया न जाता, साडेतीन टन माल हवा आणि वर सेंट्रिफ्यूजचा कारखाना हवा. राहिली २१ कोटींची गोष्ट. त्या काळात जागतिक बाजारात युरेनियम ऑक्साईडचा भाव पौंडाला तीसेक डॉलर होता. ७ किलो म्हणजे साडेपंधरा पौंड. ढोबळ हिशेबानं पस्तीस-चाळीस हजार रुपये होतात.

म्हणजे तो गुन्हा किरकोळ होता असं नव्हे. युरेनियम परवान्याशिवाय बाळगणं हा कायद्यानं गुन्हाच आहे, ते विषारी आहे, आणि ते कुठून बाहेर पडलं हे शोधायलाच हवं. पण त्या मालातून बॉम्ब होत नाही.

दाण्यांच्या याच हिशेबात एक धोक्याची गोष्टही दडलेली आहे. वीज बनवणाऱ्या बहुतेक अणुभट्ट्यांना ३ ते ५ टक्के समृद्ध युरेनियम, म्हणजे शंभर अणूंत ३ ते ५ अणू २३५ चे असलेलं, पुरतं. बॉम्बसाठी साधारण ९० टक्के लागतं. वाटेल की ४ पासून ९० पर्यंतचा पल्ला फार लांबचा. पण दाणे मोजा. ४ टक्क्यांवर आलो म्हणजे हजारातले ८२५ नको असलेले दाणे बाजूला गेले, १७५ उरले. २० टक्क्यांवर ३५ उरतात. ९० टक्क्यांवर आठ. सगळ्यात जास्त मेहनत सुरुवातीलाच होऊन जाते. म्हणून २० टक्क्यांच्या वरच्या युरेनियमला 'अतिसमृद्ध' म्हणतात आणि त्यावर जगाची नजर असते. ज्याच्या हाती तयार अतिसमृद्ध युरेनियम लागलं, त्याची सगळ्यात अवघड मेहनत दुसऱ्या कुणीतरी आधीच करून ठेवलेली असते.

बॉम्बचा दुसरा माल म्हणजे प्लुटोनियम. ते खाणीत मिळत नाही. अणुभट्टीत जळलेल्या इंधनात तयार होतं आणि तिथून रासायनिक प्रक्रियेनं वेगळं काढावं लागतं. त्याचा लक्षणीय साठा ८ किलो धरतात.

"पण कृती तर इंटरनेटवर मिळते ना?"

हा आक्षेप हमखास येतो. अणुबॉम्बचं मूळ तत्त्व १९४५ पासून गुपित राहिलेलं नाही, हे खरं. पण पुरणपोळीची कृतीही पुस्तकात असते. म्हणून पहिल्यांदा लाटणाऱ्याची पोळी फुटायची राहत नाही. शिवाय पुरणच नसेल तर लाटणार काय?

अमेरिकेनं युद्धकाळात बॉम्ब बनवला तेव्हा सव्वा लाखाहून जास्त माणसं कामाला होती आणि खर्च सुमारे दोन अब्ज डॉलर झाला. त्यातला बराच मोठा वाटा शास्त्रज्ञांच्या डोक्यावर नव्हे, तर माल तयार करण्यावर गेला: ओक रिजमध्ये युरेनियम आणि हॅनफर्डमध्ये प्लुटोनियम. ज्ञान कोंडून ठेवता येत नाही. माल मात्र येतो. तो वजनात मोजता येतो, कुलपात ठेवता येतो, आणि कुणी गुपचूप स्वयंपाकघरात बनवू शकत नाही.

पैसेवाल्या अतिरेक्यांनी प्रयत्न केले नाहीत असं नाही. जपानच्या ओम शिनरिक्यो पंथाकडे अमाप पैसा होता, शिकलेले शास्त्रज्ञ होते. १९९३ मध्ये त्यांनी पश्चिम ऑस्ट्रेलियात मेंढ्यांचं एक भलंमोठं कुरण विकत घेतलं आणि तिथं युरेनियम शोधलं. बॉम्ब त्यांच्या आवाक्यात आला नाही. ते विषारी वायूकडे वळले आणि २० मार्च १९९५ रोजी टोकियोच्या भुयारी रेल्वेत सरीन सोडून त्यांनी डझनाहून जास्त माणसं मारली, हजारोंना जायबंदी केलं. म्हणजे इच्छा होती, पैसा होता, निर्दयपणा होता. नव्हता तो माल.

अल कायदानं १९९३-९४ च्या सुमारास सुदानमध्ये १५ लाख डॉलरला युरेनियम मिळवायची खटपट केली होती, असं त्यांच्याच एका फुटलेल्या माणसानं २००१ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात सांगितलं. आणि २००१ च्या ऑगस्टमध्ये, म्हणजे ११ सप्टेंबरच्या हल्ल्याच्या काही आठवडे आधी, पाकिस्तानच्या अणुकार्यक्रमातले निवृत्त अधिकारी सुलतान बशीरुद्दीन महमूद आणि त्यांचे एक सहकारी अफगाणिस्तानात ओसामा बिन लादेनला भेटले. तिथंही गाडी अडली ती एकाच ठिकाणी. बॉम्बला लागणारा माल आणायचा कुठून?

तिजोरीच्या आतला माणूस

म्हणून सगळा प्रश्न येऊन ठेपतो तो मालावर. जगात आजही बाराशे टनांहून अधिक अतिसमृद्ध युरेनियम आहे आणि वेगळं काढलेलं प्लुटोनियम पाचशे टनांच्या वर. एका बॉम्बला किलोंत लागणारी वस्तू टनांनी पडून आहे. ती चोरीला जाते कशी?

सिनेमात काळे कपडे घातलेले लोक दोरावरून उतरतात. प्रत्यक्षात काय झालं, ते सांगतो.

मॉस्कोजवळ पोडोल्स्क नावाचं गाव आहे. तिथल्या 'लूच' नावाच्या अणुसंस्थेत एक तंत्रज्ञ वर्षानुवर्षं काम करत होता. १९९२ साल. सोव्हिएत संघ नुकताच कोसळलेला, महागाईनं पगाराचं पाणी झालेलं. त्याला घरासाठी फ्रिज आणि शेगडी घ्यायची होती. युरेनियम विकून पैसे मिळतात असं त्यानं कुठंतरी वाचलं. मग तो काही महिने रोजच्या कामातून थोडं थोडं, ग्रॅमा-ग्रॅमानं, अतिसमृद्ध युरेनियम घरी नेत राहिला. बाल्कनीत साठवत राहिला. दीड किलो झालं.

कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? आपल्याकडे धान्याच्या गोदामात घट-तूट धरतात, हे गावाकडच्या सगळ्यांना ठाऊक असतं. पोत्यामागे थोडं सांडणार, उंदीर खाणार, ओल सुकणार, म्हणून हिशेबात तेवढी सूट असते. त्या संस्थेतही प्रक्रियेत वाया जाणाऱ्या मालासाठी तीनेक टक्क्यांची सूट होती. हा माणूस त्या सुटीच्या आतच चोरत राहिला. कागदावर सगळं बरोबर.

तो पकडला गेला तोही यंत्रणेमुळे नव्हे. गिऱ्हाईक शोधायला मॉस्कोला निघाला होता. स्टेशनवर त्याला शेजारी भेटले. ते चोरलेल्या बॅटऱ्या घेऊन निघाले होते. पोलीस बॅटरीचोरांना पकडायला आले आणि त्यांच्यासोबत यालाही उचललं. पिशवी उघडल्यावर कळलं.

या हकीकतीवर मी पुन्हा पुन्हा येतो, कारण सगळं त्यात आहे. अतिरेकी नव्हता, कट नव्हता, बंदूक नव्हती. होता तो एक अडलेला कर्मचारी आणि ढिला हिशेब. पुढच्याच वर्षी मुर्मान्स्कजवळच्या नौदलाच्या जहाजगोदीतून साडेचार किलो समृद्ध युरेनियमच्या इंधनकांड्या गेल्या. कुंपणाला भोक होतं, दाराला साधं कुलूप. तपास करणारा सरकारी अधिकारी म्हणाला होता की बटाट्यांचा पहारा याहून कडक असतो.

हे फक्त कोसळत्या रशियाचं दुखणं नाही. ८ नोव्हेंबर २००७ च्या रात्री दक्षिण आफ्रिकेत पेलिंडाबा इथल्या अणुकेंद्रात चार सशस्त्र माणसं विजेचं कुंपण निकामी करून आत शिरली, नियंत्रण कक्षापर्यंत पोचली, एका कर्मचाऱ्याला गोळी घातली आणि पाऊण तासानं निघून गेली. त्या आवारात शेकडो किलो अतिसमृद्ध युरेनियम होतं. ती कोण होती, काय हवं होतं, हे आजवर उघड झालेलं नाही. २८ जुलै २०१२ रोजी अमेरिकेत ओक रिजलाच ८२ वर्षांची एक ख्रिस्ती जोगीण (नन), मेगन राईस, दोन साथीदारांसह पहाटे कुंपणांवर कुंपणं कापत युरेनियमच्या कोठाराच्या भिंतीपर्यंत पोचली. तिला शांततेचा संदेश भिंतीवर लिहायचा होता. तिच्या जागी दुसरं कुणी असतं तर, हा प्रश्न मग अमेरिकेच्या संसदेनंही विचारला. ऑगस्ट २०१४ मध्ये बेल्जियममधल्या डूल अणुवीज केंद्रात टर्बाईनचं हजारो लीटर वंगण आतल्याच कुणीतरी मुद्दाम वाहू दिलं. कोट्यवधींचं नुकसान झालं. तो माणूस सापडला नाही.

आपण भारतीयांनी आतल्या माणसाचा धोका ३१ ऑक्टोबर १९८४ ला पाहिला आहे. पंतप्रधानांच्या घरात बाहेरचा कुणी घुसला नव्हता; गोळ्या पहारेकऱ्यांनीच झाडल्या.

आणि कधी कधी तर चोरही नसतो, तरी हिशेब चुकतो. २००५ मध्ये ब्रिटनच्या सेलाफिल्ड कारखान्यात लक्षात आलं की एका फुटलेल्या नळीतून कित्येक महिने द्रव गळतोय. ८३ हजार लीटर, आणि त्यात विरघळलेलं सुमारे १६० किलो प्लुटोनियम. ते सगळं बंदिस्त खोलीतच राहिलं, बाहेर काही गेलं नाही. पण वीस बॉम्बांना पुरेल एवढा माल जागेवर नाही, हे महिनोन् महिने कळलं नाही, हे त्यातलं खरं दुखणं.

"चोरायचाच तर तयार बॉम्बच का नाही चोरणार?"

हा प्रश्न विचारला जातो तेव्हा विचारणाऱ्याच्या मनात बहुधा पाकिस्तान असतो. शंका अगदी निराधार नाही. ऑक्टोबर २००९ मध्ये रावळपिंडीच्या लष्करी मुख्यालयावर हल्ला झाला. मे २०११ मध्ये कराचीच्या मेहरान नौदल तळावर अतिरेकी शिरले, दोन टेहळणी विमानं जाळली आणि कित्येक तास लढत राहिले. आतून मदत असल्याचा संशय तेव्हाही होता. त्याच वर्षी जानेवारीत पंजाबचे राज्यपाल सलमान तासीर यांना त्यांच्याच अंगरक्षकानं मारलं होतं.

तरीही तयार बॉम्ब पळवणं आणि तो वापरणं यांत मोठी दरी आहे. बऱ्याच आधुनिक अण्वस्त्रांना सांकेतिक कुलपं असतात; संकेत नसेल तर ती फुटत नाहीत. आपल्या अस्त्रांनाही अशी व्यवस्था आहे असं पाकिस्तान सांगतो. अस्त्रांच्या राखणीसाठी तिथं स्वतंत्र विभाग आणि हजारोंचं दल आहे. धोका सगळ्यात जास्त असतो तो अस्त्रं हलवताना. म्हणूनच पाकिस्ताननं २०११ मध्ये 'नस्र' या ६० किलोमीटर पल्ल्याच्या क्षेपणास्त्राची चाचणी घेतली तेव्हा जाणकार अस्वस्थ झाले. इतक्या छोट्या पल्ल्याचं अस्त्र उपयोगी पडायचं तर ते सीमेजवळ न्यावं लागणार, कोठारातून बाहेर काढावं लागणार, अधिक लोकांच्या हातातून जाणार.

बेफिकिरी फक्त शेजाऱ्याकडेच असते असं मानू नये. ऑगस्ट २००७ मध्ये अमेरिकी हवाई दलाच्या एका विमानानं सहा अण्वस्त्रसज्ज क्षेपणास्त्रं नॉर्थ डकोटातून लुईझियानाला नेली आणि ती अण्वस्त्रं आहेत हे दीड दिवस कुणालाच माहीत नव्हतं.

एखादा देशच अतिरेक्यांना बॉम्ब देईल का?

मला स्वतःला ही शक्यता फार कमी वाटते. स्फोटानंतर उरलेल्या कणांच्या तपासणीतून माल कुठल्या देशाचा होता याचा माग काढता येतो. दुसऱ्याच्या हाती बॉम्ब देणारा देश स्वतःचं मरण दुसऱ्याच्या मर्जीवर सोडत असतो. इतक्या कष्टानं मिळवलेली वस्तू कुणी अशी उधार देत नाही.

पण देश देणार नाही म्हणून देशातला माणूस विकणार नाही, असं नाही. भोपाळमध्ये जन्मलेले अब्दुल कादीर खान हॉलंडमध्ये नोकरीला असताना तिथली सेंट्रिफ्यूजची माहिती घेऊन १९७५ च्या अखेरीस पाकिस्तानात परतले. पुढे त्यांनी तेच तंत्र इराण, उत्तर कोरिया आणि लिबियाला पुरवलं. ऑक्टोबर २००३ मध्ये लिबियाकडे निघालेलं एक जहाज इटलीत अडवलं गेलं, त्यात सेंट्रिफ्यूजचे भाग निघाले आणि सगळं उघडं पडलं. बॉम्बचे आराखडे लिबियानं अमेरिकेला सोपवले, तेव्हा ते इस्लामाबादच्या एका शिंप्याच्या दुकानाच्या पिशवीत होते. ४ फेब्रुवारी २००४ रोजी खान यांनी दूरचित्रवाणीवर कबुली दिली.

या प्रकरणाचे दोन्ही अर्थ घ्यायला हवेत. ज्ञान आणि यंत्रं किती सहज विकली जातात, हा एक. दुसरा असा की, तेलाचा पैसा असलेला, स्वतःचं सरकार असलेला देश, वर्षानुवर्षं आयतं सामान घेऊनही काही उभारू शकला नाही. लिबियात पुष्कळसं सामान खोक्यांतच पडून होतं. मग डोंगरातल्या टोळीला सेंट्रिफ्यूज चालवणं कसं जमणार? नाही जमणार. त्यांच्यासाठी वाट एकच: तयार माल.

डर्टी बॉम्ब: वेगळी गोष्ट, वेगळी भीती

बातम्यांत या दोन्हींची फार गल्लत होते. डर्टी बॉम्बमध्ये अणुस्फोट होतच नाही. साध्या स्फोटकानं किरणोत्सारी पदार्थ उधळायचा, एवढंच. असा पदार्थ कर्करोगाच्या उपचारयंत्रांत असतो, कारखान्यांत असतो. माणसं मरतात ती बहुधा साध्या स्फोटानं. किरणोत्सारानं शहराचा एखादा भाग वापरायला निकामी होतो आणि घबराट पसरते.

ती घबराट कशी असते हे ब्राझीलच्या गोयानिया शहरानं अतिरेक्यांशिवायच अनुभवलं. सप्टेंबर १९८७ मध्ये एका सोडून दिलेल्या दवाखान्यातलं उपचारयंत्र भंगार म्हणून उचललं गेलं. आत सीझियम-१३७ ची भुकटी होती, शंभर ग्रॅमच्या आतच. अंधारात ती निळी चमकायची. भंगारवाल्यानं ती कौतुकानं नातेवाइकांना वाटली. चौघं दगावले, त्यांत सहा वर्षांची एक मुलगी. २४९ जण बाधित निघाले आणि तपासणीसाठी एक लाखाहून जास्त माणसं स्टेडियमवर रांगा लावून उभी राहिली.

आपल्याकडे २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात जवळपास हेच घडलं. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं पडून असलेलं कोबाल्ट-६० चं यंत्र लिलावात विकलं गेलं, भंगारात तोडलं गेलं, एका कामगाराचा जीव गेला. तो माणूस पोटासाठी लोखंड फोडत होता. त्या यंत्रावर काय लिहिलंय हे वाचायची जबाबदारी त्याची नव्हती, ज्यांनी ते विकलं त्यांची होती.

आणि मोसूल. २०१४ मध्ये आयसिसनं हे इराकी शहर घेतलं तेव्हा तिथं कोबाल्ट-६० असलेली उपचारयंत्रं होती. तीन वर्षं ती त्यांच्या ताब्यातल्या शहरात पडून होती. २०१७ मध्ये शहर परत मिळालं, तेव्हा यंत्रांना हातही लागलेला नव्हता. जगाचं नशीब.

"इतक्या वर्षांत झालं नाही, मग आता कशाला?"

हा आक्षेप मी हलका मानत नाही. २००४ मध्ये अमेरिकेतल्या एका नामवंत अभ्यासकानं येत्या दहा वर्षांत असा हल्ला होण्याची शक्यता न होण्यापेक्षा जास्त आहे, असं भाकीत केलं होतं. दहा काय, वीस वर्षं गेली. शिवाय या भीतीचा गैरवापरही झाला आहे. २००३ मध्ये इराकवर चढाई करताना अणुस्फोटाच्या ढगाची भीती दाखवली गेली. नायजरमधून युरेनियम घेतल्याची कागदपत्रं बनावट असल्याचं अणुऊर्जा संस्थेनं सुरक्षा परिषदेला युद्धाआधीच सांगितलं होतं. लाखो इराकींनी त्याची किंमत मोजली. म्हणून जो नेता ही भीती दाखवून युद्ध, पाळत किंवा मतं मागतो, त्याला आधी पुरावा मागावा.

पण 'झालं नाही' यातून 'होणारच नाही' निघत नाही. कोयनेची भिंत उद्या फुटेल असं कुणी म्हणत नाही, तरी तिची मोजमापं नेमानं होतात, कारण खाली गावं आहेत. हिरोशिमात १९४५ सरेपर्यंत सुमारे एक लाख चाळीस हजार माणसं गेली. तेव्हाच्या हिरोशिमाची वस्ती साडेतीन लाखांच्या आसपास. दादर किंवा कुर्ल्याची गर्दी डोळ्यांपुढे आणा. शक्यता फार छोटी आहे, हे मान्य. पण ती छोटी राहिली आहे ती आपोआप नव्हे.

माल कमी करत नेणं

हे काम बातमीत येत नाही, कारण यात काही घडलेलं नसतं. १९९४ मध्ये कझाकस्तानच्या उस्त-कामेनोगोर्स्कमध्ये जवळपास ६०० किलो अतिसमृद्ध युरेनियम एका कारखान्यात पडून असल्याचं कळलं. अमेरिकेनं ते गुपचूप विमानांनी उचलून नेलं. ऑगस्ट २००२ मध्ये बेलग्रेडजवळच्या विंचा संशोधन केंद्रातून ४८ किलो हलवलं. रशियाच्या मोडीत काढलेल्या बॉम्बांतलं ५०० टन अतिसमृद्ध युरेनियम १९९३ ते २०१३ या वीस वर्षांत पातळ करून अमेरिकेच्या वीजभट्ट्यांत जाळलं गेलं. निवडलेले दाणे पुन्हा साध्या तांदळात मिसळण्यासारखंच ते. त्या काळात अमेरिकेतल्या दहातल्या एका दिव्याची वीज रशियन बॉम्बांतून येत होती. माणसाच्या हातून घडलेल्या चांगल्या कामांत मी याला फार वर ठेवतो.

युक्रेननं आपलं शेवटचं अतिसमृद्ध युरेनियम मार्च २०१२ पर्यंत बाहेर पाठवलं. त्यातलं काही खार्कीवच्या संशोधन संस्थेत होतं. दोन वर्षांनी पूर्व युक्रेनमध्ये लढाई सुरू झाली आणि २०२२ मध्ये त्याच संस्थेवर तोफगोळे पडले. तो माल तिथंच असता तर?

यातलं एक पान ट्रॉम्बेचंही आहे. ४ ऑगस्ट १९५६ ला सुरू झालेली 'अप्सरा' ही आशियातली पहिली संशोधन अणुभट्टी. तिचं इंधन अतिसमृद्ध युरेनियमचं होतं. २००९ मध्ये ती बंद झाली, पुढच्या वर्षी ते इंधन देखरेखीखालच्या सुरक्षित जागी हलवलं, आणि १० सप्टेंबर २०१८ ला 'अप्सरा-यू' सुरू झाली ती कमी समृद्ध इंधनावर. काम तेच, पण चोरण्याजोगं काही नाही. मानखुर्दच्या बातमीला जेवढी जागा मिळाली, तिच्या दहाव्या हिश्श्यानंही या बातमीला मिळाली नाही.

तरी काम पुरं झालेलं नाही. १९९३ पासून किरणोत्सारी आणि अणुपदार्थ हरवल्याच्या, चोरीच्या किंवा बेकायदा बाळगल्याच्या चार हजारांहून अधिक घटना आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेकडे नोंदल्या गेल्या आहेत. बहुतेक किरकोळ. मोजक्याच अशा की ज्या वाचताना पोटात गोळा येतो. त्यांतली एक जॉर्जियाची. २००६ मध्ये रशियातल्या व्लादिकावकाझचा एक मासळी-सॉसेजचा व्यापारी सीमा ओलांडून तिबिलिसीला आला. त्याच्या खिशात प्लॅस्टिकच्या पिशवीत १०० ग्रॅम युरेनियम होतं. गिऱ्हाईक म्हणून आलेला माणूस वेषांतर केलेला पोलीस निघाला म्हणून तो सापडला. माल तपासला, ८९ टक्के समृद्ध. म्हणजे मानखुर्दच्या सात किलोंत मिळून जेवढं युरेनियम-२३५ होतं, त्याच्या पावणेदोन पट त्या एका खिशात होतं. त्यानं पोलिसाला सांगितलं होतं की हा फक्त नमुना आहे, घरी आणखी दोन-तीन किलो आहे. तो तुरुंगात गेला. ते दोन-तीन किलो कुणाला सापडले नाहीत.